छोट्या गाडीत बाळाची उलटी सीट बसेना, बेल्टच पुरत नाही

तापीकाठची
सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार. मी सध्या माहेरी, चोपड्याला. मुलगी अडीच महिन्यांची आहे, परवा दहा आठवड्यांच्या लसीला वजन केलं तेव्हा ४ किलो ८०० ग्रॅम भरली. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, आता येत्या रविवारी धुळ्याला सासरी जायचंय, अमळनेरमार्गे. ऊन असं आहे की सकाळी नऊनंतर गाडीच्या स्टीअरिंगवर भाकरी शेकता येईल, म्हणून पहाटेच निघणार.

पुण्याच्या भावाने भाचीसाठी कारसीट पाठवली. कडी धरून उचलून नेता येते ती, टोपलीसारखी, ० ते १३ किलोची. मागे नारिंगी स्टिकर आहे, त्यावर वर्तुळात 'ई' आणि खाली ०४ ने सुरू होणारा नंबर, म्हणजे युरोपच्या सुरक्षा नियमांत पास झाल्याची खूण. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी, म्हणजे उलटी बसवायची. इथपर्यंत सगळं कळलं. पुढे घोडं अडलं.

गाडी ह्यांची, २०१६ ची छोटी हॅचबॅक. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली मायलेजवरून भांडण सुरू होईल. पुढे दोन एअरबॅग आहेत. मागे ते आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायचे, लोखंडी कडे नाहीत. मागच्या सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून शोधले, तर पार्लेचा चुरा आणि दहाचं एक नाणं निघालं.

काल हे धुळ्याहून आले आणि दोन दिवस आम्ही अंगणात गाडी उभी करून झगडतोय. आधी ड्रायव्हरच्या मागे ठेवून पाहिली. ह्यांची उंची सहा फूट, यांनी सीट मागे घेतली की बाळाची सीट चेपते. मग डाव्या बाजूला ठेवली. पुढची सीट बरीच सरकवल्यावर बसली, पण बेल्ट चार बोटं कमी. जीभ लॉकपर्यंत पोचतच नाही. मधोमध ठेवावी तर तिथे नुसता कमरेचा पट्टा. शेवटी दीर म्हणाले, पुढेच ठेवा, वहिनी, ड्रायव्हरच्या बाजूला, डोळ्यांसमोर राहील. आणि खरंच तिथे बेल्ट पुरतो!

आणखी एक. बाळाला आत ठेवून पाहिलं तर ती फार ताठ बसते, मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते. मला बघवेना, लगेच उचललं.

आई म्हणते, तुला मी मांडीवरच आणलं होतं दवाखान्यातून, तेही जीपमध्ये. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "इतलासा लेकरूले काय बांधी ठेवतस वं?" दोघींपुढे माझं काही चालत नाही.

तर प्रश्न असा: छोट्या गाडीत ही सीट बसतच नाही का? मोठी गाडी भाड्याने करावी, दुसरी सीट घ्यावी, पुढे बसवावी, की मांडीवर?


केळीबाग
मंगळवार, सकाळी ७.०५

ताई एवढं टेन्शन कशाला. माझी दोन्ही पोरं आईच्या मांडीवर रावेर-जळगाव करत मोठी झाली. भाऊंना सांगा ४० च्या वर नेऊ नका. रस्ता आता बरा आहे.


नापास_मास्तर
मंगळवार, सकाळी ८.३०

केळीबाग भाऊ, तुमची पोरं सुखरूप आहेत याचा आनंद आहे, पण तुम्हाला धडक बसली नाही म्हणून ती सुखरूप आहेत. मांडीचा त्यात काही वाटा नाही.

आठवीला शिकवतो तेच गणित मांडतो. गाडी ताशी ५० ने चालली आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. समोरून ट्रॅक्टर आडवा आला आणि धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. बाळ ५ किलोचं. त्या क्षणी त्याला धरून ठेवायला सरासरी ७० किलोचं बळ लागतं. माझे सासरे कापूसवाले, त्यांना मी असं सांगितलं: बाबा, पाऊण क्विंटलला थोडा कमी कापूस कोणी अचानक तुमच्या हातांत फेकला तर झेलाल? ते म्हणाले, मास्तर, मी त्या कापसाखालीच जाईन. त्यानंतर घरात कोणी वाद घातला नाही. आणि ४० ने चालवून समोरच्याचा वेग थोडाच कमी होतो.

ताई, दीरांना आजच्या आज सांगा: पुढच्या सीटवर उलटी सीट नाही म्हणजे नाही. बेल्ट पुरतो म्हणून तर ते जास्त धोक्याचं, कारण बसल्यासारखं वाटतं. उलट्या सीटची पाठ, म्हणजे बाळाचं डोकं, डॅशबोर्डच्या अगदी जवळ येतं. एअरबॅग डोळा मिटायच्या आत फुगते आणि ती सरळ त्या पाठीवर आदळते. मोठ्या माणसाला वाचवणारी वस्तू बाळाचा जीव घेते. डाव्या बाजूचं सनव्हायजर खाली करून बघा, बाळाच्या सीटवर लाल फुली मारलेलं चित्र सापडेल.

उलटी का, हेही घरी सांगा. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं, लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा, आणि मान अजून कच्ची. तोंड पुढे असेल तर धडकेत धड पट्ट्याने अडतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. उलटं असेल तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं, ओढ वाटली जाते. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकापासून हा विचार चाललाय. तिथे पोरं चार-चार वर्षांची होईपर्यंत उलटी बसतात.

कायदा विचाराल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा बाळाच्या सीटने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. आपल्याकडे अजून कोणाला झालेला मी पाहिला नाही, ती गोष्ट वेगळी.

बेल्ट कमी पडण्याचं मात्र मला कळत नाही. ते कामवाल्या माणसाने सांगावं.


टाकादोरा
मंगळवार, दुपारी २.१५

कामवाला माणूस हजर आहे. धुळ्यात पारोळा रोडला तीस वर्षं गाड्यांची सीट कव्हरं शिवतोय. दुपारी गिऱ्हाईक नसतं, पंख्याखाली बसून सावकाश लिहितो. बहीण, वाचायला लांब वाटलं तर तुकड्यातुकड्याने वाचा.

जागेचं सोडून द्या. जागा तुमच्या गाडीत आहे, तुम्हीच लिहिलंय की डाव्या बाजूला सीट बसली. लोक सगळे जागा जागा करतात आणि मोठी गाडी घेतात, मग त्या मोठ्या गाडीतही सीट डुगडुगते. छोट्या गाडीत खरी गोम दोन ठिकाणी असते, पट्ट्याच्या लांबीत आणि बैठकीच्या उतारात.

आधी पट्टा. ही टोपलीसारखी सीट बेल्टने बांधताना पट्टा तिला जवळजवळ प्रदक्षिणा घालतो. बाळाच्या मांड्या येतात तिथे दोन्ही कडांना निळ्या रंगाच्या खाचा असतील, कमरेचा पट्टा त्यांतून आडवा जातो. खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरून तिथल्या निळ्या हुकात बसतो. निळं म्हणजे उलटं, हे पाठ करून टाका. लाल खुणा काही सीटांना असतात, त्या तोंड पुढे करून बसवायच्या वेळच्या. माझ्याकडे येणाऱ्या दहातले निम्मे लोक दोन्ही पट्टे एकत्र मांडीवरून घेतात किंवा खांद्याचा खाली आणि कमरेचा मागे करतात. तुम्ही कसा घेतला ते तपासा.

बरोबर घेऊनही कमी पडत असेल तर सुतळी घ्या. खांबावर पट्टा बाहेर येतो तिथून सुरू करा, निळ्या वाटेने फिरवत लॉकपर्यंत आणा आणि गाठ मारा. मग सीट बाजूला काढा, पट्टा हळूहळू शेवटपर्यंत ओढा आणि सुतळीशी ताडून बघा. आता खरी हकिकत कळेल. पट्टा सुतळीपेक्षा लांब निघाला तर तो वाटेत कुठेतरी अडकतोय. लहान निघाला तर ही सीट या गाडीला नाही, विषय संपला. मग पट्ट्याची वाट जिची छोटी आहे अशी दुसरी सीट बघायची. काहींत पट्टा बाळाच्या पायांखालून सरळ जातो, वळसा घालत नाही. पण सुतळी लावल्याशिवाय विकत घेऊ नका. दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदला.

जोडपट्टा, म्हणजे बेल्ट लांब करणारा तुकडा, मिळतो. घेऊ नका. मोची किंवा माझ्यासारखा शिवणारा म्हणेल, दीड वीत जोडून देतो. त्याला हात जोडा. मी स्वतः गाडीचे बेल्ट शिवत नाही, कोणी कितीही पैसे दिले तरी.

आता आमच्या धंद्याचं पाप सांगतो. मागचे बेल्ट कोणी लावत नाही म्हणून आम्ही शिवणारे मागच्या लॉकला कव्हरखाली गाडून टाकतो. दिसायला साफ दिसतं, गिऱ्हाईक खूश. कव्हरची वरची झूल पट्ट्यावरून खाली येते आणि पट्टा तिच्यात दाबला जातो. अशा गाडीत पट्टा ओढलात की थोडा येतो आणि मग कव्हर ओढलं जातं, माणसाला वाटतं संपला. तुमची गाडी २०१६ ची, कव्हर असणारच. त्या बाजूचं कव्हर पूर्ण काढा. नुसतं वर करू नका, काढा. दुसरं कारणही आहे, रेक्झिन गुळगुळीत असतं, त्यावर बाळाची सीट साबणासारखी सरकते. मूळ कापडावरच बसवायची.

पाप निघालंच आहे तर आणखी एक. बीप बंद करायच्या त्या खोट्या क्लिपा, नुसती जीभ लॉकमध्ये खोचायची, त्या मीही विकल्यात. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांची ऑनलाइन विक्री बंद करायला लावली, पेपरात वाचलं, त्या दिवशी उरलेलं पाकीट नाल्यात टाकलं. तुमच्या लॉकमध्ये तसली क्लिप असेल तर काढा.

आता उतार. गाडीची मागची बैठक पाठीकडे खोल असते, बसणारा पुढे घसरू नये म्हणून. आपल्याला बरं, बाळाला वाईट. उलट्या सीटचं पायाकडचं टोक त्या खोलगट भागात बसतं आणि डोक्याकडचं वर येतं, म्हणून बाळ ताठ होऊन मान पुढे पडते. सीटच्या बाजूला एक रेघ किंवा बुडबुडा असेल, ती रेघ जमिनीला समांतर यायला हवी. येत नसेल आणि सीटच्या पुस्तिकेत परवानगी असेल, तर पंचा घट्ट गुंडाळून बैठक आणि पाठ मिळतात त्या फटीत ठेवा, बाळाच्या पायाकडच्या टोकाखाली. एक नाही पुरला तर दोन.

आणि अंगणात मोजू नका! पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार काढलेला असतो. गाडी घराकडे तोंड करून लावली असेल तर तिचं नाक वर असणार, म्हणजे सीट आणखी ताठ. गाडी सपाट रस्त्यावर न्या, मगच रेघ बघा.

शेवटी आवळणं. एका हाताने सीट बैठकीत जोरात दाबायची, दुसऱ्याने खांद्याचा पट्टा खेचत ढिलाई काढायची, दोन-तीनदा. घाम आला पाहिजे. मग पट्टा जातो तिथेच धरून डावीउजवीकडे, पुढेमागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे इंचापेक्षा जास्त हलली तर परत सोडून आवळा. डोक्याकडचं टोक थोडं वरखाली होतं, त्याने घाबरू नका. आणि लॉकचा प्लास्टिकचा डबा सीटच्या खाचेवर वाकडा टेकत नाही ना, तेही बघा. टेकत असेल तर कितीही आवळा, घट्ट राहत नाही.

मागच्या वर्षी नात आली तेव्हा मी हे सगळं शिकलो. जावयाने नातीची सीट माझ्याच गाडीत बसवायला घेतली आणि माझ्याच हातच्या कव्हरने त्याला अर्धा तास घाम फोडला. तोवर मला वाटायचं, सीट म्हणजे आपल्याला सगळं येतं.


वॉर्ड_नं_३
मंगळवार, रात्री ९.५०

मी नर्स आहे, नवजात बाळांच्या विभागात. काकांनी सीटचं सांगितलं, मी आतल्या जीवाचं सांगते.

मान पुढे पडली म्हणून तू लगेच उचललंस ते अगदी बरोबर केलंस. इतक्या लहान बाळाची श्वासनळी मऊ असते, हनुवटी छातीला टेकली की ती दुमडते आणि बाळ आवाजसुद्धा करत नाही. तान्ह्यांसाठी पाठ साधारण ४५ अंशांत हवी. सोपी खूण म्हणजे हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुझं एक बोट आडवं मावलं पाहिजे. वाटेत तू बाळाशेजारी मागेच बस आणि बघत राहा.

आता आपल्याकडची हमखास चूक. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून सीटमध्ये ठेवू नकोस. दोन पायांमधून येणारा पट्टा मग लावताच येत नाही, आणि खांद्याचे पट्टे बाळाऐवजी कापडाला आवळले जातात. पातळ सुती झबलं घाल, पाय मोकळे, आधी पट्टे लाव, मग हवं तर वरून दुपटं टाक. बाहेरून आणलेली उशी, गादी, आजीची गोधडी, काही खाली घालू नकोस. सीटबरोबर आलेली आतली गादी तेवढी चालेल. खांद्याचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. आवळल्यावर खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघ, घडी पकडता आली तर ढिला आहे.

दोन तासांपेक्षा जास्त सलग बसवायचं नाही, आणि इतक्या लहान बाळाला त्याच्याही आधी काढलेलं बरं. अमळनेरला थांब, बाहेर काढ, दूध पाज, ढेकर काढ. चालत्या गाडीत पाजायला म्हणून पट्टे सोडायचे नाहीत, कितीही रडली तरी. गाडी बाजूला घ्यायची. घरी पोचल्यावर झोपलेली दिसली म्हणून त्याच सीटमध्ये तासन्‌तास झोपवू नकोस, पाळण्यात सपाट ठेव.

बाळ सातव्या-आठव्या महिन्यात झालेलं असेल किंवा जन्मताना वजन फार कमी असेल तर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचार.

आणि ऊन! पट्ट्याची धातूची जीभ आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघ. उन्हात उभ्या गाडीत बाळाला एकटं दोन मिनिटंसुद्धा नाही, एसी चालू असला तरी नाही.


तापीकाठची
बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांना उत्तर एकदमच देते, बाळ झोपलंय तोवर.

मास्तर, पाऊण क्विंटलचं गणित मी वडिलांना सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, पण नंतर आईला स्वयंपाकघरात समजावताना ऐकू आले. आकडा त्यांनी वाढवून दोन क्विंटल केला होता. व्हायजरवर फुलीचं चित्र निघालं. दीरांना फोटो पाठवला, त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

टाकादोरा काका, तुम्ही आमच्या अंगणात येऊन गेलात का? गाडीचं तोंड घराकडेच होतं. कोर्टाच्या रस्त्याला सपाटीवर नेली तर रेघ अर्ध्याच्या वर सुधारली, बाकीचं एका पंच्याने भागलं. पुस्तिकेत टॉवेलचं चित्रच आहे, आम्ही पुस्तिका उघडलीच नव्हती.

पट्टा निळ्या वाटेनेच घेतला होता. सुतळी लावली. आणि काका, पट्टा सुतळीपेक्षा लांब निघाला! ह्यांनी कव्हर काढलं, तेव्हा कळलं की वरची झूल पट्ट्यावरून खाली शिवून टाकलेली आणि डावं लॉक पूर्ण आत गाडलेलं. आम्ही दोन दिवस ज्यात जीभ घालायला बघत होतो ते मधल्या पट्ट्याचं लॉक होतं. आपली गाडी, सात वर्षं वापरतोय, आणि मागच्या बेल्टचं लॉक कुठलं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. लिहितानाही लाज वाटते. आता जीभ बसते आणि आवळल्यावरसुद्धा वीतभर पट्टा उरतो.

कव्हर धुळ्यालाच शिवलेलं आहे, कोणाकडे ते ह्यांना आठवत नाही. फोटो खाली जोडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय शोधायचं ते.

वॉर्ड ताई, बाळ पूर्ण दिवसांचं आहे, डॉक्टरांनाही विचारलं. दुपट्याचं मला खरंच सुचलं नसतं. मी गुंडाळूनच नेणार होते.

फक्त एक राहिलं. डाव्या बाजूची पुढची सीट एवढी पुढे घेतल्यावर तिथे बसायचं कोणी? गुडघे डॅशबोर्डला लागतात. आणि बाळाच्या सीटची पाठ पुढच्या सीटला किंचित टेकते, ते चालतं का?


टाकादोरा
गुरुवार, सकाळी ९.००

टेकण्याबद्दल प्रत्येक सीटची पुस्तिका वेगळं सांगते, त्यात बघा. पुढची सीट तिच्यावर रेलून दाबत असेल तर मात्र नाही. पुढे शक्यतो कोणी बसू नका. बसवायचंच तर घरातलं सगळ्यात ठेंगणं माणूस, बेल्ट लावून, पाठ सीटला टेकवून. आणि गुडघे लागत असतील तर ठेंगणंही नको.

फोटो दुकान उघडल्यावर मोठ्या स्क्रीनवर बघतो. मोबाइलवर मला टाके दिसत नाहीत.


तापीकाठची
रविवार, रात्री ९.३०

पोचलो!

सकाळी साडेपाचला निघालो. सासूबाई आदल्या दिवशीच घ्यायला आल्या होत्या. उंची चार फूट दहा इंच. त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि गुडघ्यांपुढे चांगली वीतभर जागा राहिली. लग्नात ह्यांच्या शेजारी फोटोत दिसत नव्हत्या म्हणून आम्ही हसायचो, आज त्यांच्या उंचीने सगळा प्रश्न सोडवला. मी ह्यांच्या मागे, गुडघे आवळून. माझं मी बघून घेईन.

निघताना बाळाने असा सूर लावला की गल्लीतले दोन दिवे लागले. सासूबाई मागे वळून म्हणाल्या, सोड ना तिला. मी गप्प. तापीच्या पुलाआधीच ती झोपली. बोट दोनदा हनुवटीखाली घालून पाहिलं, मावलं. अमळनेरला आतेसासूबाईंकडे थांबलो, पाजलं, कपडे बदलले, त्यांनी आग्रहाने फुणके खायला घातले, सकाळी सव्वासातला! पुन्हा बसवताना सगळ्या पट्ट्यांचं सासूबाईंनी बारकाईने पाहिलं आणि माझ्या आधी त्यांनीच लॉकची धातू मनगटाला लावली. मी त्यांना ते सांगितलेलं नव्हतं. ह्यांनी सांगितलं असेल.

धुळ्याच्या जरा अलीकडे एक कुत्रं आडवं आलं. ह्यांनी जोरात ब्रेक मारला. माझी पर्स, पाण्याची बाटली, डायपरची पिशवी, सगळं पुढे गेलं. सीट होती तिथेच. बाळ जागंही झालं नाही. सासूबाई स्वतःचा बेल्ट हाताने चाचपत राहिल्या, घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. उतरल्यावर शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "आमनी पोरगी खुर्चीवर बठीसन उनी." खुर्चीवर बसून आली म्हणे!

आता ही सीट कधीपर्यंत चालेल? पाय लांब झाले की बदलायची का?


वॉर्ड_नं_३
रविवार, रात्री १०.१०

वाचून बरं वाटलं गं. पायांवर जाऊ नकोस. पाय पाठीला टेकले की मुलं आपोआप मांडी घालतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. डोकं सीटच्या वरच्या कडेच्या बाहेर जायला लागलं किंवा १३ किलो भरले, यातलं जे आधी होईल तेव्हा ही सोडायची. पुढचीही उलटीच बसणारी घे, १८ किलोपर्यंत उलट्या चालणाऱ्या मिळतात. वाढदिवस झाला म्हणून घाईने तोंड पुढे करू नका.


टाकादोरा
सोमवार, दुपारी १.४५

पुढची घेताना सुतळी घेऊन जा, बहीण.

फोटो पाहिला. गुरुवारीच पाहिला होता, लिहायला चार दिवस लागले. झुलीच्या कडेला दुहेरी टाका आहे, तपकिरी दोरा, आणि कोपऱ्यात टाका उलट फिरवून संपवलाय. तसा टाका या रस्त्यावर दुसरं कोणी संपवत नाही, ती माझ्या उस्तादाची सवय. गाडी २०१७ च्या दिवाळीच्या सुमारास आली असेल.

कव्हर घेऊन या. झूल कापून पट्ट्याला मोकळी खाच करून देतो आणि तिन्ही लॉक वर काढतो. पैसे आणू नका. आणि त्या सुमारास ज्यांनी ज्यांनी पारोळा रोडला कव्हरं शिवून घेतली असतील त्यांनी एकदा मागचं लॉक हाताला लागतं का ते बघा, नाही लागलं तर त्यांनीही या.